पेरण्यापूर्वी हिशेब



उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला पहिले काम नेमून दिले ते बागेचे. त्या कामाची अंगे दोन: मशागत आणि राखण. मंदिराच्या आवारात सामाईक बाग करावी असे मंडळीत निघाले की मशागतीस पुष्कळ हात पुढे येतात. राखणीची आठवण चैत्रात होते, आणि तोवर वाफे सुकून गेलेले असतात.

बुरुज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले (लूक १४). बागेचा पहिला खर्च पाण्याचा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर जमीन. उन्हाळ्यात भाजीस दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले तरी रोज सुमारे ५०० लिटर लागते. पिण्याच्या विहिरीतून ते उपसून शेजाऱ्याची घागर रिकामी राहिली, तर त्या वांग्यांना प्रीतीची चव कशी यावी? म्हणून पाणी पुरेल तितकेच वाफे करावे, आणि मातीवर पालापाचोळा पसरून ओल राखावी.

केडगावची जमीन पंडिता रमाबाईंनी घेतली ती फळबागेच्या उत्पन्नातून आपले कार्य चालावे म्हणून. तेथे विहिरी खणविल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात तीच जमीन अनाथ मुलींचा आसरा झाली. दूरवरचा विचार करून केलेल्या कामाचा देवाने असा उपयोग केला.

दुसरा हिशेब हातांचा. यरुशलेमेचा तट बांधताना अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला (नहेम्या ३). तसा प्रत्येक घरास एक वाफा व पाण्याची पाळी नेमून द्यावी. मातीचेही देणे असते: शेण व पाला कुजवून तिला परत द्यावा, भाजीनंतर मूग किंवा चवळी घ्यावी, कारण त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. उत्तम झाडाचे बी पुढील सालासाठी राखावे.

तिसरा हिशेब कोपऱ्याचा. शेताच्या कडा गरिबासाठी व परक्यासाठी सोडण्याची आज्ञा आपणांस ठाऊक आहे (लेवीय १९). पीक हाती आल्यावर मन आखडते. यास्तव पेरणीपूर्वीच एक वाफा गावातील निराधारांसाठी ठरवावा, आणि तेथे कोणाची जात वा धर्म विचारू नये.

येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीने थोडे थांबावे. पाणी किती, पाळी कोणाची, कोपरा कोणाचा, हे ठरवून लिहून ठेवावे. मग प्रार्थना करून कुदळ हाती घ्यावी. वाढविणारा प्रभु आपल्या श्रमास यश देवो.