धर्माची गाय व तिचे दांत

“धर्माची गाय आणि दांत कां नाय,” अशी एक म्हण आपल्या लोकांत आहे. फुकट मिळालेल्या वस्तूंत खोड काढूं नये, असा तिचा भावार्थ. घेणाराच्या तोंडीं ही म्हण विनयाची आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु देणारानें ती मनांत धरली तर काय होईल, याचा विचार आज वाचकांनीं करावा अशी आमची इच्छा आहे.

पैसा, धान्य व वस्त्र हीं दानें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण आपल्या विद्येचें दान हेंही दानच होय. कित्येक वास्तुशास्त्रज्ञ फी न घेतां गरीब वस्त्यांसाठीं शाळांचे, दवाखान्यांचे व घरांचे नकाशे काढून देतात. ही गोष्ट खरोखर स्तुत्य आहे. ज्या गांवाजवळ जेमतेम विटांपुरता पैसा असतो, तें नकाशासाठीं पैसा कोठून आणणार? मात्र येथें एक मोह आहे. दाम घेतला नाहीं, तेव्हां विचारपूस करण्याचेंही आपणांस बंधन नाहीं, असें दात्यास सहज वाटूं लागतें. धनिक मालक नकाशा दहा वेळां बदलावयास लावतो. गरीब मनुष्य पहिल्याच नकाशास हात जोडतो. तो संतुष्ट असतो म्हणून नव्हे, तर बोललों असतां मिळतें तेंही जाईल, या भयानें.

या मौनाचा परिणाम महाराष्ट्रानें पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों लोक दगडमातीच्या जाड भिंतींखालीं दडपून मेले. सरकारनें व अनेक दानी संस्थांनीं गांवें नव्या जागीं वसविलीं. घरें मजबूत झालीं, हा उपकार लहान नव्हे. परंतु पुष्कळ ठिकाणीं शहरासारखे सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. शेतकऱ्याचीं गुरें, अवजारें व धान्य कोठें राहावें, याचा विचार राहून गेला. मग लोकांनीं पदरमोड करून पुढेंमागें पत्र्याचीं छपरें उभीं केलीं.

याच्या उलट पश्चिम आफ्रिकेंतील गांदो या खेड्याची हकीकत पाहा. हें बुर्किना फासो देशांत आहे. येथील मुखियाचे पुत्र फ्रान्सिस केरे हे बर्लिन येथें वास्तुविद्या शिकत असतांनाच पैसा गोळा करून आपल्या गांवास शाळा बांधून देऊं लागले. ती २००१ सालीं पुरी झाली. मातींत थोडें सिमेंट मिसळून विटा पाडल्या, व उष्ण हवा निघून जावी म्हणून पत्र्याचें छप्पर आढ्यापासून उंच उचलून धरलें. मातीची भिंत पावसांत टिकत नाहीं, असा गांवकऱ्यांचा अनुभव होता. केरे यांनीं त्यांस अडाणी म्हणून गप्प केलें नाहीं. करून दाखवून त्यांची खातरी पटविली. मग स्त्रियांनीं पाणी वाहिलें, मुलांनीं दगड आणले. ऐकून घेणें म्हणजे सर्व मान्य करणें नव्हे. परंतु विद्वानानें आपलें म्हणणें समजावून देणें हें त्याचें ऋण आहे.

कोणी म्हणेल, संकटसमयीं विचारावयास वेळ कोठें असतो? १९९५ सालीं जपानांतील कोबे शहरीं भूकंप झाला. तेथील व्हिएतनामी निर्वासित एका बागेंत ताडपत्रीखालीं राहत होते, कारण सरकारी निवारे त्यांच्या कामापासून दूर होते. वास्तुशास्त्रज्ञ शिगेरू बान यांनीं हें कारण जाणून घेतलें, आणि कागदाच्या जाड नळ्यांचीं घरें स्वयंसेवकांच्या साह्यानें त्याच जागीं उभारिलीं. पाया म्हणून बीरच्या बाटल्यांचीं खोकीं वाळूनें भरून ठेविलीं. इतक्या घाईंतही विचारावयास वेळ सांपडला.

गाय पसंत पडली नाहीं तर विकतां येते; घर तसें नाहीं. त्यांत पिढ्या नांदतात, व तें पडलें तर राहणाराच मरतो, दाता नव्हे. म्हणून फुकट कामास काळजी कमी नव्हे, उलट अधिक लागते. जेथें मोफत नकाशा मिळत असेल, तेथें गांवकऱ्यांनीं आभार मानावे, आणि चूल, गोठा, वारा व पावसाची दिशा यांविषयीं निःसंकोच बोलावें. स्त्रियांस बोलावून त्यांचेंही मत घ्यावें. आणि दात्यानें गाय देण्यापूर्वीं तिचे दांत स्वतःच पाहून घ्यावे.