प्रथिनांचा क्रम कोणाच्या मालकीचा?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. कोणत्या आम्लामागून कोणते येते, हा तिचा क्रम. माणसाच्या इन्सुलिनमध्ये अशी 51 आम्ले असतात. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यांतले एकच वेगळे : इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी बी साखळीच्या टोकाला थ्रिओनिनऐवजी अ‍ॅलनिन. हा फरक कोणी घडवला नाही, फक्त वाचला. मग वाचलेल्यावर हक्क कोणाचा?

अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ‘अ‍ॅटलस ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर’ काढला, तेव्हा ज्ञात 65 क्रम एका पुस्तकात मावले. विखुरलेल्या निबंधांतून क्रम वेचणे, ताडून पाहणे, जागा वाचावी म्हणून प्रत्येक आम्लाला एकेक अक्षर देणे, हे सारे चिकाटीचे काम होते. ती एकाक्षरी खूण आजही चालते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते निसर्गातल्या वस्तूत कष्ट मिसळले की ती कष्टकऱ्याची होते. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. क्रमाच्या बाबतीत ही अट आपोआप पाळली जाते आणि तिथेच युक्तिवाद उलटतो. शेताला कुंपण लागते, कारण एकाच वाफ्यात दोघांना पीक घेता येत नाही. क्रम हजारांनी वापरला तरी झिजत नाही. कुंपण घातले तरच टंचाई निर्माण होते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानेही 1991 मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात, नुसत्या मेहनतीने जमवलेल्या तथ्यांवर स्वामित्वहक्क नाकारला. युरोपीय संघाने मात्र 1996 मध्ये भरीव गुंतवणुकीच्या माहितीकोशांना 15 वर्षांचे संरक्षण दिले.

विद्या दिल्याने वाढते, हे शाळेच्या भिंतीवर शोभते. तिच्या देखभालीचा खर्चही वाढतो, हे तिथे लिहिलेले नसते. आमोस बैरोख यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘स्विस-प्रॉट’ या प्रथिनक्रमांच्या कोशात जाणकार माणसे नोंदी तपासत. 1996 मध्ये निधी आटला आणि पुढे कंपन्यांना शुल्क लावावे लागले. विद्यापीठांना कोश मोफतच राहिला. 2002 मध्ये त्याला सामावून घेणारा ‘युनिप्रॉट’ उभा राहिला, अमेरिकी सरकारी पैसा आला आणि शुल्क गेले. आता श्रेय दिले की कोणीही, धंद्यासाठीसुद्धा, माहिती वापरू शकतो. कष्टकऱ्याला श्रेय मिळावे आणि पगारही. इतरांना अडवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

ज्या प्रदेशातल्या जीवाचा क्रम वाचला, तिथल्या लोकांचा दावा मात्र श्रेयाने भागत नाही. 2024 मध्ये कोलंबियातल्या कॅली येथील जैवविविधता परिषदेत, अंकीय क्रममाहितीतून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी हिस्सा द्यावा म्हणून निधी उभारायचे ठरले. ही वर्गणी ऐच्छिक आहे.