याकोबाची नातवंडे

वाचावयाचा भाग : उत्पत्ति, अध्याय 41 व 48

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या मुरुड गावी (कोकणातील नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरील) पुण्या-मुंबईची नातवंडे येऊ लागतात. रात्री माळवदावर अंथरुणे पडतात. चुलत भावंडे पहिल्या दिवशी लाजतात, तिसऱ्या दिवशी भांडतात, आणि आठवड्याने त्यांस निराळे निजविणे कठीण होते. मावळण म्हणजे बापाची बहीण, हेही शहरच्या मुलास तेव्हाच कळते.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी एखाद्या आजीने "पोरांना आणू नका" असा निरोप धाडिला तर तिला कोण दोष देईल? परंतु रांजण भरलेला असूनही जेथे नातवंड येत नाही, अशी घरे आपणांमध्ये आहेत. कारण बहुधा एकच : शेताची वाटणी. बांधावरून दोघे भाऊ तुटले, एक शहरास गेला, आणि ज्याने तो बांध पाहिलाही नाही ते लेकरू आजीस मुकले.

योसेफाचा विचार करा. त्यास तर भावांनी वीस रौप्यमुद्रांस विकले होते. मिसरात पहिला पुत्र झाला तेव्हा त्याने त्याचे नाव मनश्शे ठेविले. कारण देवाने आपणांस बापाच्या घराचा विसर पाडिला, असे तो म्हणाला. विसरण्यावरून मुलाचे नाव! जखम किती खोल असेल ती. तरी बाप आजारी आहे असे कळताच तोच योसेफ त्याच मनश्शेला व धाकट्या एफ्राईमाला घेऊन त्याच्या खाटेशी गेला. मुलांची आई मिसरी, मुले मिसरात वाढलेली. पण म्हाताऱ्याने त्यांस उराशी धरिले आणि रऊबेन व शिमोन ह्यांच्या बरोबरीने आपले म्हटले. भावांच्या मनातील धास्ती तर याकोबाच्या मरणानंतरही उरली होती. ती फिटेपर्यंत योसेफ थांबला नाही.

ज्या उपदेशकाच्या गावी असे घर असेल त्याने वाटणीच्या पंचाईतीत शिरू नये. त्या कामास तलाठी व कोर्ट आहेत. शहरातील भावास एवढेच कळवावे की, शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तोपर्यंत दिवस थोडे आहेत. मुलास एकटे मात्र पाठवू नये. याकोबाची दृष्टी मंद झाली होती. मुले समोर असता त्याने ती कोण म्हणून विचारिले, आणि उत्तर योसेफाने दिले. आमच्या आजीबाईंसही आता नीट दिसत नाही.