बिनपाण्याची हजामत

इंग्रजी भाषेंत एखाद्याची खरडपट्टी काढण्यासाठीं जे वाक्प्रचार रूढ आहेत, ते अक्षरशः घेतले तर साहेबाची कचेरी म्हणजे यमपुरीच वाटावी. तेथें वरिष्ठ कनिष्ठाला निखाऱ्यांवरून ओढतो, त्याचें डोकें चावून काढतो, प्रसंगीं त्याला 'कीलहॉल' करतो. हा शेवटचा शब्द मूळचा डच आरमारांतला. अपराधी खलाशाला दोरांनीं बांधून जहाजाच्या तळाखालून ओढून काढीत. ती शिक्षा केव्हांच बंद पडली. क्रियापद मात्र कचेरींत नोकरीस राहिलें.

'रायट अ‍ॅक्ट वाचून दाखविणें' हा वाक्प्रचार मला विशेष विचारार्ह वाटतो. हा कायदा १७१५ सालीं अंमलांत आला व पुढें रद्द झाला. बारा किंवा अधिक माणसें दंगा करीत जमलीं, कीं अधिकाऱ्यानें जाहीरनामा वाचावयाचा. त्यानंतर एका तासांत जे पांगले नाहींत, ते मूळच्या कायद्याप्रमाणें देहान्त शिक्षेस पात्र. कायदा क्रूर खरा. पण त्यांत तो एक तास होता. वाचन ही सूचना होती, शिक्षा नव्हे. आज घरांत वा कचेरींत जो हा कायदा 'वाचतो', त्याचें वाचन हीच शिक्षा असते, आणि तास कोणी देत नाहीं.

शरीराला स्पर्श झाला नाहीं म्हणजे क्रौर्य घडलें नाहीं काय? या थट्टेखोर शब्दांची खुबी अशी, कीं बोलणाऱ्याला हा प्रश्न पडूंच नये. जेवतांना तो सहज सांगतो, 'आज एकाला चांगला निखाऱ्यांवरून ओढला.' अर्थात् ज्याला ओढलें तोही मित्रांत हेच शब्द वापरतो, हें सांगितलें पाहिजे. 'माझा अपमान झाला' असें म्हणण्यापेक्षां तें सोपें जातें. एकच थट्टा एकाचें क्रौर्य झांकते आणि दुसऱ्याची लाज.

आपल्याकडे 'बिनपाण्यानें हजामत' आहेच. पण 'कानउघाडणी' हा शब्द निराळ्या कुळांतला. त्यांत ऐकणाऱ्याचें हित गृहीत धरलेलें आहे. अडचण एवढीच, कीं बोलणारा आपल्या मतें नेहमीं कानउघाडणीच करीत असतो.

एकदां वर्गांत एका विद्यार्थ्याच्या भलत्याच उत्तरावर मीं अशीच कानउघाडणी केली. तास संपल्यावर व्हरांड्यांत तो सोबत्यांना हंसत सांगत होता, 'आज सरांनीं बिनपाण्यानें केली!' तें हंसणें ऐकून मला हायसें वाटलें. त्यानंतर त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं, हें माझ्या ध्यानांत आलें तेव्हां वर्ष संपलें होतें.