जप्तीतून सुटलेली भांडी



कोर्टाच्या हुकूमनाम्याची दरखास्त लागून बेलीफ कुसगावातील एखाद्या दारी आला, तरी त्याला चूल विझविता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (1908) कलम 60 प्रमाणे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे व शेतकऱ्याची औते जप्त होत नाहीत. एके काळी ऋणकोचा देहही सुटत नसे. 1875 साली सुप्यात सावकारांची खते जळाली, तेव्हा कोठे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा झाला आणि पुणे जिल्ह्यात पैशाच्या हुकूमनाम्यापायी होणारी शेतकऱ्याची कैद थांबली.

मग कर्ज बुडवावे काय? विनयातील गोष्ट पाहा. भिक्खूंना कोणी हात लावू नये, असे बिंबिसार राजाचे फर्मान होते. एक कर्जदार पळून येऊन भिक्खू झाला. धनको त्याला ओळखूनही हात चोळीत राहिले. लोक कुरकुरले, तेव्हा तथागतांनी कर्जदारास प्रव्रज्या देण्याची मनाई केली. (हे गरिबाला दूर लोटणे आहे, असे मला प्रथम वाटले होते. चुकलो.) चीवर ही पळवाट नव्हे, मग आपली दीक्षा तरी कशी असेल?

1980 साली सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ गरिबीपायी ऋणकोला कैद करता येणार नाही, असे ठरविले; ऐपत असून न देणारा वेगळा. बेलीफ भांडी सोडील. पण शेजारणीकडून उसन्या आणलेल्या पाचशे रुपयांची दरखास्त कोण लावणार?