किल्ला कुणाचा?

दिवाळीची सुट्टी लागली की पनवेलच्या चाळींत आणि सोसायट्यांत एका वर्गातली पोरं मिळून मातीचा किल्ला करतात. दगड-विटांच्या ढिगावर गोणपाट, त्यावर चिखल, हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी. नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतोच. हा गड शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये परत घेतला.

मग भांडण ठरलेलं. बुरूज माझा, दरवाजा तुझा. पण किल्ला कुणाचा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना चेष्टा आणि दैव. पाचांत कर्ता फक्त एक. स्वतःलाच एकमेव कर्ता मानणाऱ्याला नीट दिसतच नाही, असं गीता सांगते. अंगण हे अधिष्ठान, घमेलं-फावडं ही करणं, आणि अवकाळी सर आली तर ते दैव!

चिखल कालवताना गायब होणाऱ्याला मात्र यात आसरा नाही. त्याच अध्यायात नेमून दिलेलं काम टाकणं अयोग्य ठरवलं आहे.

तेव्हा किल्ले स्पर्धेच्या आयोजकांनी बक्षीस गटाला द्यावं, गटप्रमुखाला नव्हे.