आधी कार्ड वाचव, मग प्लेअर

निगडी

चि. भाच्यास,

तुझा निरोप मिळाला. रात्रपाळी सुटल्यावर चाकणहून बसमध्ये ऐकत येतोस तो छोटा प्लेअर बिघडलाय. काही गाणी दिसतच नाहीत, काही मध्येच थांबतात, आणि अभंगात टाळ-पखवाज ऐकू येतात पण गाणाऱ्याचा आवाज गायब. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारून घ्या. अजिबात मारू नकोस.

त्यातल्या मेमरी कार्डावर तुझ्या आजोबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग आहे. बाकीची गाणी उद्या पुन्हा भरता येतील, हे रेकॉर्डिंग पुन्हा होणार नाही. म्हणून पहिलं काम हे: कार्ड काढून मोठ्या एसडी अ‍ॅडाप्टरमध्ये घाल. त्याच्या कडेला बारीक खटका असतो, तो लॉककडे सरकव, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. मग कार्ड रीडर लावून सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घे. कॉपी एखाद्या फाइलवर अडली तर तिचं नाव लिहून ठेव, ती सोड आणि पुढच्या घे. आजोबांच्या फाइल्स दोन ठिकाणी ठेव आणि शेवटपर्यंत वाजवून बघ. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल शाबूत आहे असं समजू नकोस.

आता दोष शोधू. लाइनवर मशीन थांबलं तर तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघता ना, इथेही तसंच कर. थांबणारं गाणं कॉम्प्युटरवर लाव. तिथेही त्याच जागी थांबलं तर दोष फाइलचा किंवा कार्डाचा. तिथे नीट वाजलं तर प्लेअरकडे वळ.

आवाज गायब होण्याचं कारण बहुधा इअरफोनच्या पिनेत आहे. डाव्या आणि उजव्या कानाच्या दोन वेगळ्या तारा असतात, पण परतीची तार दोघांना मिळून एकच असते. ती तुटली किंवा नीट टेकली नाही की दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं एकमेकांना खोडून काढतं आणि फक्त फरक उरतो. गायकाचा आवाज बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून नेमका तोच जातो. जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजू एकच असतात, त्यामुळे ती तर जवळजवळ मुकीच होतात. पिन किंचित बाहेर ओढून, फिरवून बघ. मग दुसरा इअरफोन लाव. त्याने आवाज आला तर पहिल्याची तार गेली. नाहीच आला तर प्लेअर बंद करून खाचेतला कचरा कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने काढ. टाचणी घालू नकोस, आतली पट्टी वाकते.

तुमच्याकडे ग्राइंडिंगची धूळ उडते, म्हणून इअरफोन उघडा खिशात ठेवू नकोस. त्याच्या आत चुंबक असतो, तो लोखंडाचा कीस ओढून घेतो आणि आवाज खरखरायला लागतो. शॉपमध्ये आणि रस्त्याने चालताना इअरफोन कानात घालूच नकोस. फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

न दिसणाऱ्या गाण्यांचं सांगतो. स्वस्त प्लेअरला बहुतेक वेळा एमपी३ कळतं, फ्लॅक किंवा एम४ए कळेलच असं नाही. तशा फाइल्स एमपी३ करून घे. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीत खूप मावतं. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीची असतात आणि अनेक छोटे प्लेअर ती वाचत नाहीत. त्यासाठी ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ केलेलं कार्डच बरं. एखादंच गाणं अडत असेल तर त्याला जोडलेलं मोठं चित्र काढून टाक. मराठी नावांऐवजी चौकोन दिसले तर नावं रोमन लिपीत कर. क्रम विस्कटला तर गाणी एकेक करून हव्या त्या क्रमाने कॉपी कर, कारण बरेच प्लेअर कॉपीचाच क्रम धरतात.

कार्ड फारच स्वस्तात मिळालं असेल तर ते नकली असू शकतं. वर मोठी क्षमता छापलेली, आत जागा थोडीच. सुरुवातीची गाणी वाजतात, नंतरची यादीत दिसतात पण वाजत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून परत वाचतो आणि खरी जागा सांगतो. तो फॉरमॅटसारखाच शेवटी, कॉपी झाल्यावर आणि खटका उघडून चालव.

आवाज वाढवला की प्लेअर बंद पडत असेल तर बहुधा बॅटरी थकली आहे. ती फुगली असेल तर चार्ज करू नकोस, दाबू नकोस, ई-कचरा घेणाऱ्याकडे दे.

रविवारी सुट्टी असेल तर प्लेअर आणि कार्ड घेऊन इकडेच ये. कॉम्प्युटर आणि कार्ड रीडर घरी आहे. तोवर त्या कार्डावर एकही नवं गाणं भरू नकोस.

तुझा
मामा